माळवदाखालची झोप

शिरड शहापुरात जुन्या घराला टेप लावला की घरातलं कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, हे पडंल का?" घर कुणी बांधलं, तुळईवरची वेलबुट्टी कुठल्या सुताराची, सागवान कुठून आलं, हे सगळं त्यांना सांगायचं असतं आणि चहा होईपर्यंत ते सगळं निघतंही. पण आधी तो प्रश्न. त्याला खरं उत्तर दिल्याशिवाय या गावाचं जुनेपण राखण्याविषयी बोलायचा मला अधिकार नाही, एवढं इथल्या कामानं माझ्या मनात पक्कं केलं आहे.

मी परभणीची. शिक्षण वास्तुरचनेचं. मराठवाड्यातली जुनी घरं मोजायची, त्यांचे नकाशे काढायचे आणि मालकाची तयारी असेल तिथं गवंडी-सुतार घेऊन दुरुस्ती करायची, हे काम मी बरीच वर्षं करते आहे. शिरड शहापूर हे औंढा नागनाथ तालुक्यातलं, औंढ्याहून वसमतकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं बाजारपेठेचं गाव. 1 मे 1999 ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तोवर हा सगळा मुलूख परभणीतच होता; त्यामुळे इथं आलं की मला परक्या गावात आल्यासारखं वाटत नाही. जैन समाजात हे गाव महाराष्ट्रभर ठाऊक आहे ते इथल्या मल्लिनाथांच्या अतिशय क्षेत्रामुळे. मल्लिनाथांची मूर्ती अर्धापूरहून इथं आली आणि इथलीच झाली, अशी परंपरा आहे. दर्शनाला येणारी माणसं मंदिरात जातात, मुक्काम करतात, परततात. मंदिराच्या पलीकडच्या गल्ल्यांत त्यांचं पाऊल क्वचित पडतं. माझं काम त्या गल्ल्यांत चालतं.

इथलं जुनं घर रस्त्याला फारसं काही दाखवत नाही. काळ्या दगडाची उंच भिंत, तिच्यात एक भक्कम दरवाजा आणि वर सपाट माळवद. दरवाजातून आत गेलं की बाजूला ढाळज. बाहेरच्या माणसानं टेकायची, हिशेब व्हायची, म्हाताऱ्यांनी दुपार काढायची ती जागा. तिथून पुढं अंगण, ओसरी आणि मग खणाखणांनी मोजलेल्या खोल्या. पाच खणांचं घर म्हटलं की ऐकणाऱ्याला ऐपतीचा अंदाज येतो. भिंतीत दिवळ्या, जाड भिंतीच्या पोटात धान्याचं बळद, छतात उजेडासाठी आणि चुलीच्या धुरासाठी ठेवलेलं साणं. पाऊस आला की घरातलं पोर माळवदावर पळतं आणि साण्यावर परात पालथी घालून येतं. एप्रिल-मेमध्ये बाहेर अंग भाजत असताना या खोल्यांत शिरलं की अंगावरचा घाम निवतो. पंखा लावायची गरज पडत नाही, हे मी स्वतः अनुभवलं आहे आणि ते सांगताना मला अजूनही भारी वाटतं.

या थंडाव्याचं कारण डोक्यावर असतं. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर लाकडाच्या चिपा, त्यावर पालापाचोळ्याचा थर आणि सगळ्यांच्या वर चोपून बसवलेली पांढरी. पांढरी म्हणजे गावठाणाची जुनी माती. शेकडो वर्षांच्या वस्तीची राख, पडलेल्या भिंती, शेण, खापरं यांनी मुरलेली. ती बसली की पाणी सहजी आत सोडत नाही. मृगाच्या आधी घरोघर माळवदावर नवी पांढरी पडायची, पाणी पन्हाळीकडे नीट जावं म्हणून उतार दुरुस्त व्हायचा. ही दरसालची राखण होती आणि तिच्यावरच घर टिकायचं. मात्र नवी माती टाकताना जुनी कुणी काढत नसे. आजोबांनी टाकलेली, वडिलांनी टाकलेली, आपण टाकलेली, असं करत थर फूट-दीड फूट, कुठं दोन फूट होतो. हिशेब करून बघावा: दीड फूट जाडीची चोपलेली माती म्हणजे चौरस मीटरला पाऊण टन. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीत झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर सात टन वजन. तो थर पावसात भिजला की आणखी जास्त.

हे वजन काय करतं ते मराठवाड्यानं 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे पाहिलं. गणपती बोळवून गावं झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसं गेली आणि त्यांतली बहुतेक आपल्याच घराच्या दगडमातीखाली गेली. पन्नासहून अधिक गावं मूळ जागा सोडून नव्या जागी वसवली गेली. सरळ रेघांचे रस्ते, सारख्या मापाची घरं. जीव वाचलेल्या माणसांनी पुन्हा दगडाच्या घरात राहायला नकार दिला, त्यांना कोण दोष देईल? किल्लारी इथून दीडशे किलोमीटरपेक्षा लांब आहे. तरी त्या पहाटेनंतर साऱ्या मराठवाड्यात दगडाच्या भिंतीकडे बघण्याची नजर पालटली. पिढ्यान्‌पिढ्या जी भिंत घराण्याची शान होती, तिच्याकडे पोरंबाळं असलेली बाई रात्री धास्तावून बघू लागली.

शिरडच्या आसपास ही धास्ती जुनी आठवण म्हणून उरलेली नाही. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि भोवतालच्या गावांत जमिनीतून गूढ आवाज येतात, हलके धक्के बसतात, हे गेली काही वर्षं चालू आहे. 21 मार्च 2024 ला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचा धक्का बसला, पाठोपाठ दहा-अकरा मिनिटांत 3.6 चा. 10 जुलैला सकाळी पुन्हा 4.5 चा. जीवितहानी झाली नाही. पत्र्यावर ठेवलेले दगड काढून घ्या, असं आवाहन त्या वेळी करण्यात आलं होतं. त्यानंतर मी शिरडला गेले तेव्हा एका घरी सगळ्यांच्या गाद्या अंगणात मांडलेल्या दिसल्या. घरातल्या आजी म्हणाल्या, "आतमदी झोप लागंना गेली ताई. आवाज यायलाय म्हनून लेकरं भ्यायलीत. मी म्हनलं, मरायचं तं अंगनात मरू, वरचं आभाळ काई अंगावर पडत न्हाई." त्याच घरात सत्तर वर्षांपूर्वी त्या सून म्हणून आल्या होत्या. त्याच खोलीत त्यांची बाळंतपणं झाली.

याच पठारावर, औंढ्याजवळच्या दुधाळा शिवारात लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहायची आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांतून जाणारे लेसरचे झोत आणि अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपण्याची तयारी. फेब्रुवारी 2016 मध्ये तिला तत्त्वतः मान्यता मिळाली आणि एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं 2600 कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. अशा यंत्राला अवतीभवती गडबड चालत नाही; रेल्वे, अवजड वाहतूक, कारखाने दूर असलेली जागा लागते. म्हणजे इथलं मोकळं शिवार आणि गावांचं विरळपण आता जगाच्या विज्ञानालाही हवं आहे. मला त्याचा आनंद आहे. फक्त या परिसराची राखण करण्याचं बोलणं सुरू झालं की त्यात आजींच्या खोलीचाही विचार व्हावा, एवढं मी प्रत्येक बैठकीत बोलते.

भिंतीकडे वळते, कारण खरं काम तिथंच आहे.

बाहेरून पाहिलं तर घडीव दगडाची भिंत अभेद्य वाटते. उघडली की कळतं, त्या दोन भिंती असतात. बाहेरची एक, घडवलेल्या दगडांची. आतली दुसरी, ओबडधोबड दगडांची. मधली जागा माती, खडी, खापरांनी भरलेली. जुन्या चांगल्या कारागिरानं दोन्ही बाजूंना पोचणारे लांब दगड अधूनमधून घातलेले असतात; घाईच्या किंवा हलक्या कामात ते नसतात. जमीन हलली की मधली माती खाली बसते, बाहेरच्या दगडांवर दाब येतो आणि भिंतीला पोट येतं. 'पोट आलेली भिंत' हा इथल्या प्रत्येक गवंड्याच्या तोंडचा शब्द. पोट आलेली भिंत पुढच्या धक्क्याला फुटते आणि तिच्यावर टेकलेलं छत खाली येतं.

म्हणजे दोष दगडाचा नाही, मातीचाही नाही. दोन थर एकमेकांना बांधलेले नाहीत आणि डोक्यावर नको तेवढं ओझं आहे, एवढाच त्याचा अर्थ. 2001 च्या कच्छच्या भूकंपात तिथले गोल मातीचे भुंगे उभे राहिले. 2005 मध्ये काश्मीरमध्ये लाकडी चौकटीत दगड-माती भरलेली घरं नव्या बांधकामांपेक्षा बरी टिकली. किल्लारीनंतर आपल्याकडच्या अभियंत्यांनीही दगड-मातीच्या भिंती मजबूत करायच्या पद्धती बसवल्या आणि त्याच वर्षी, 1993 मध्ये, भारतीय मानक 13828 आलं. त्यात सांगितलं आहे की भिंतीच्या पूर्ण जाडीचा आरपार दगड दर दोन फूट उंचीला आणि आडवं मोजलं तर फार तर चार फुटांवर एक, असा हवा. उभ्या भिंतीत असा दगड नंतर घालता येत नाही. मग भिंतीला हलक्या हातानं आरपार भोक पाडायचं, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. कोपऱ्यांना आणि छताखाली जाळीचा पट्टा. खांब आणि तुळईच्या कोनात तिरपा लाकडी टेकू. आणि सगळ्यात आधी माळवदावरची माती उतरवायची.

त्या आजींच्या घरात आम्ही हेच केलं. मुलगा पुण्याला नोकरीला, त्याला सगळं पाडून दोन मजली स्लॅब हवा होता. त्यानं फोनवर विचारलं, "मॅडम, लिहून देता का, की हे शंभर टक्के पडणार नाही म्हणून?" मी म्हणाले, शंभर टक्के तुमच्या स्लॅबचंही कुणी लिहून देणार नाही, पण कुठल्या दगडाला काय बांधलंय ते मी तुम्हाला दाखवते आणि ते कागदावर सहीनिशी देते. तो सुट्टी काढून आला. माळवदावरची माती उतरवायला सुरुवात झाली तेव्हा तो तिथंच उभा होता. टोपल्यांवर टोपल्या खाली येत होत्या, ट्रॉली भरत होती, आणि चिपा दिसेपर्यंत तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "एवढं वर होतं? आन्‌ आम्ही खाली झोपत होतो?" त्याच क्षणी त्याचा विचार पालटला असं मी म्हणणार नाही. तो हळूहळू, रोजच्या कामाबरोबर पालटला.

छतावर जाड प्लास्टिकचा कागद अंथरून सहा-आठ इंचांचाच थर परत घातला. तीच पांढरी, चाळून, कुटून. आता ती दरसाल वाढवायची नाही; नवी घातली तर तेवढी जुनी काढायची, हे घरातल्या सगळ्यांसमोर ठरलं. मातीच्या निम्म्याहून अधिक वजनाला रजा मिळाली आणि खोलीचा थंडावा फारसा गेला नाही. पहिल्या उन्हाळ्यात आजींनी मुद्दाम निरोप धाडला होता, "गार हाय म्हनावं." खर्च म्हणाल तर त्या मापाच्या नव्या स्लॅबच्या खोलीपेक्षा कमी आला. मात्र हे सगळीकडे असंच होईल असं नाही. सरांना वाळवी लागली असेल, तुळई भिंतीत शिरते तिथं कुजली असेल, तर सागवान विकत घ्यावं लागतं आणि गणित फिरतं. अशा घरांत मी मालकाला स्वच्छ सांगते की ही खोली उतरवा, पुढची वाचवू. धोक्याचं घर केवळ जुनं म्हणून उभं ठेवणं माझ्या मनाला पटत नाही.

गवंडी मिळवणं अवघड जातं. विटा-सिमेंटचे गवंडी खंडीभर. दगडाच्या सांध्यात चिपा ठोकून बसवणारे, चुना मुरवणारे हाताच्या बोटांवर. एका वयस्क कारागिरानं लहानपणी बैलाच्या घाण्यावर चुना दळताना पाहिला होता. त्यात गूळ, बेलफळ, हिरड्याचं पाणी पडायचं, हे तो वासावरून सांगायचा. त्याच्या हाताखाली आम्ही गावातली दोन-तीन पोरं लावली. पहिल्या आठवड्यात त्यांना कंटाळा आला, कारण दगडाच्या कामात दिवसाअखेर दाखवण्यासारखं फार थोडं दिसतं. मजुरी सिमेंटच्या कामाइतकीच ठेवली म्हणून ती टिकली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. वारसा म्हणून कुणी कमी पैशात राबणार नाही, आणि राबूही नये.

गावाच्या रूपावर सर्वांत मोठा हात कुणाचा आहे, असं विचारलं तर मी वाटण्यांचं नाव घेईन. एका वाड्याला दहा-बारा वारस. तिघं गावात, बाकीचे संभाजीनगर, नांदेड, पुणे. अंगणाच्या मधून भिंत उठते, ढाळजेचे दोन तुकडे होतात, साणं एकाच्या खोलीत आणि त्याखालची चूल दुसऱ्याकडे. कुणीच पांढरी टाकत नाही, कारण माळवद सामाईक. दोन पावसाळ्यांत तुळई कुजते. मग शहरातून लाकडाचा व्यापारी येतो, कोरीव खांब, कमानी, दरवाजे उचलतो. कुठल्या तरी हॉटेलात किंवा फार्महाऊसवर ते पुन्हा उभे राहतात. ज्या खांबाला टेकून पाटीवर मुळाक्षरं गिरवली, तो असा निघून गेल्याचं सांगताना माणसांचे आवाज बदलतात. अशा घरांत माझ्या टेपचा काही उपयोग नसतो. तिथं आधी भावकीला एका ओसरीवर बसवावं लागतं आणि ते काम गावातल्या मोठ्या माणसांनाच जमतं.

दुसरा हात घरकुलाचा. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागात सपाट प्रदेशासाठी 1 लाख 20 हजार रुपये मिळत आले आणि घर किमान 25 चौरस मीटरचं हवं. ज्यांच्या डोक्यावर गळकं छप्पर आहे त्यांना त्यानं आसरा मिळाला. त्याविरुद्ध बोलायला माझी जीभ रेटत नाही. पण मातीचं छत म्हणजे कच्चं आणि स्लॅब म्हणजे पक्कं, ही विभागणी कागदावरून माणसांच्या मनात उतरली आहे. ग्रामपंचायतीच्या आकारणीच्या नोंदवहीतही घराचा प्रकार असाच लिहिलेला असतो: मातीचं, दगड-विटा-मातीचं, आरसीसी. माझी मागणी एवढीच आहे की मजबूत केलेल्या दगड-मातीच्या घराला कागदावर पक्क्याचा मान मिळावा. तो मिळाला तर एखादा बाप लेकीच्या सोयरिकीच्या वेळी पाहुण्यांना ढाळजेत बसवताना संकोचणार नाही. हे मी कल्पनेनं लिहीत नाही. अशा एका घरी पाहुणे येण्याआधी माळवदाची ओसरी पाडून पत्रा टाकल्याचं मी बघितलं आहे.

आणि ओटे. गल्लीतल्या दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर संध्याकाळी बायका बसतात, भाजी निवडतात. पोरं त्यावरून उड्या मारत शाळेत जातात. हळदीच्या हंगामात भाव तिथंच कळतो. 24 एप्रिल 2020 ला स्वामित्व योजना सुरू झाली. त्याआधीच महाराष्ट्रात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोननं गावठाण मोजायचा प्रयोग झाला होता. ड्रोनच्या नकाशानं घरमालकाला मिळकत पत्रिका मिळते, कर्ज काढता येतं, हद्दीचे वाद मिटतात. नकाशात मात्र एक रेघ ओढावी लागते: इथवर घर, इथून रस्ता. ओटा त्या रेघेवर बसलेला असतो. तो ना पुरता घराचा, ना पुरता गल्लीचा, आणि म्हणूनच तिथं दोघांचीही माणसं बसू शकतात. गल्ली काँक्रीटची करताना तो हटवायचा की ठेवायचा, हे गाव नीट बोलून ठरवू शकतं. मी ज्या गल्लीत काम केलं तिथं आम्ही नकाशावर ओटे वेगळ्या रंगानं दाखवून तो कागद ओट्यावरच पसरला. बायकांनी कुठला ओटा कुणाच्या सासऱ्यानं बांधला, कुठल्या ओट्यावर सायंकाळी सावली येते, कुठं पाणी तुंबतं ते सांगितलं. त्यांतलं निम्मं मला कुठल्याही मोजणीत सापडलं नसतं. एक ओटा रुग्णवाहिका वळायला अडचण करतो म्हणून तिथल्याच माणसांनी तो आखूड करायचं मान्य केलं. बाकीचे ठेवायचे असं ठरलं.

गावाच्या कडेला गेलं की आणखी एक गोष्ट दिसते. या भागातल्या कित्येक गावांत जुनी गढी किंवा पांढरीचा उंचवटा असतो आणि त्याच्या एका बाजूला जेसीबीनं घेतलेला चावा. ती माती शेताला चांगली म्हणून जाते, नव्या घराच्या भरावाला जाते, माळवदाला जाते. पूर्वी टोपलीनं जायची, आता टिप्परनं. त्या मातीत खापरं, मणी, नाणी, हाडं, चुलीची राख, म्हणजे गावाचा लिहिला न गेलेला इतिहास असतो. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीत सापडणाऱ्या वस्तू निगुतीनं जमवल्या म्हणून सातवाहन काळातलं त्या गावाचं वैभव आज संग्रहालयात डोळ्यांनी बघता येतं. एका माणसाच्या आस्थेनं एवढं होऊ शकतं. आम्ही माळवदावरून उतरवलेली मातीही चाळली, कारण ती कधीतरी याच पांढरीतून आली होती. तिच्यात काळ्या-तांबड्या खापरांचे तुकडे आणि एक काचेच्या बांगडीचा तुकडा निघाला. ते शाळेच्या कपाटात ठेवले आहेत, घराचं ठिकाण लिहून.

शिवाराविषयी थोडं. सिद्धेश्वर आणि येलदरी धरणांचं पाणी कालव्यांनी या भागात फिरलं. ऊस आला, हळद वाढली. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फेब्रुवारीपासून शिवारात हळद शिजवायचे बॉयलर सुरू होतात, वाफेचा तो ओला, उग्र वास गावापर्यंत येतो आणि मोकळ्या जागांवर पिवळ्या राशी वाळत पडतात. या मोकळ्या जागा मला गावाइतक्याच जपाव्याशा वाटतात. रस्त्याकडेच्या जमिनीवर दुकानांचे गाळे चढत चालले आहेत. भाव आल्यावर शेतकऱ्यानं विकू नये असं मी म्हणू शकत नाही. पण गायरान, पाणंद, वाळवणाची सामाईक जागा, ओढ्याकाठ हे गावाच्या मालकीचं आहे आणि ग्रामसभेनं मनावर घेतलं तर ते राहू शकतं. परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातल्या वालूरच्या गावकऱ्यांनी आपली चक्राकार बारव गाळ काढून मोकळी केली. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याची माणसं आपल्या यादवकालीन मंदिरांविषयी भरभरून बोलतात. रोहन काळे यांच्या महाराष्ट्र बारव मोहिमेनं अशा गावांना एकमेकांची खबर लागली, हे त्या मोहिमेचं मोठं काम. बारव साफ करायला सगळं गाव एकदिलानं उतरतं, कारण ती सगळ्यांची असते. घर एकाचं असतं, म्हणून त्याची वाट अधिक बिकट आहे.

जुन्या भिंतीत सळई आणि काँक्रीट घातलं म्हणून काही जाणकार माझ्यावर नाराज असतात. माझ्यापरीनं मी त्यांना औंढ्याला नेते. नागनाथाच्या मंदिराचा खालचा भाग यादवकाळातला, काळ्या दगडाचा, शिल्पांनी भरलेला. वरचं बांधकाम नंतरचं, विटा-चुन्याचं, पांढरं. परंपरा त्याचं श्रेय अहिल्याबाई होळकरांना देते. दोन्ही काळ उघड दिसतात, जोड कुणी लपवलेला नाही. नामदेवांना विसोबा खेचर जिथं भेटले असं वारकरी सांगतात, त्या ठिकाणी माणसं हा जोड पाहत पिढ्यान्‌पिढ्या हात जोडत आली आहेत. पडलेलं देऊळ ज्यांनी आपल्या काळच्या साहित्यानं उभं केलं, त्यांच्यामुळे ते आज उभं आहे. आजींच्या भिंतीत आम्ही भरलेली काँक्रीटची टोकं मी गिलाव्याखाली झाकू दिली नाहीत. उद्या कुणी ही भिंत उघडेल तेव्हा त्याला कळावं की कुठं, काय आणि का घातलं.

सध्या गल्लीत आणखी दोन घरांचं काम घ्यायचं चाललं आहे. एकाचा होकार आला आहे. दुसऱ्या घरात थोरल्या भावाला दुरुस्ती हवी आहे, धाकट्याला पाडायचं आहे. दिवाळीला सगळे एकत्र येतील तेव्हा बसायचं ठरलंय. नवी भिंत जिथं बांधावी लागेल तिथं गवंड्याची एकच मागणी असते, "आरपार दगड द्या, बाकी मी बगतो." तसे लांब दगड आता खाणीतून घडवून आणणं परवडत नाही. म्हणून गावात कुठलाही वाडा उतरायला लागला की आमची शिकाऊ पोरं तिथं जातात. दगड डबर म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरले जात असतात. त्यांतले दोन फुटांच्या वरचे ही पोरं मालकाला विचारून, डबराचाच भाव देऊन बाजूला काढून घेतात. प्रत्येकावर चुन्यानं घराची खूण आणि माप लिहिलेलं असतं. शाळेमागच्या मोकळ्या जागेत त्यांची थप्पी लागली आहे. ज्यांना लागतील त्यांनी तिथून न्यावेत, तेवढेच पैसे पोरांच्या हातात द्यावेत, आणि आपल्याकडे काही उतरणार असेल तर आधी कळवावं.